फक्त वरच्या मजल्यावरचेच बल्ब सारखे उडतात, काय करू?

ओसरी
नमस्कार मंडळी, वैतागून लिहितेय. आमचं घर विट्याच्या बाजूला, दुमजली, वायरिंग घर बांधलं तेव्हाचंच म्हणजे पंधरा वर्षांच्या वरचं. दिवाळी झाली तशी वरच्या मजल्यावरचे बल्ब उडायला लागलेत. साधे नऊ वॅटचे एलईडी, पिनवाले. आधी वाटलं लोकल होते म्हणून गेले, मग चांगल्या कंपनीचे आणले, तेही गेले. दुकानदार वॉरंटीत बदलून देतो पण आता तो पण माझ्याकडे असा बघतो की मी घरी बल्ब फोडायचा धंदा करते. गंमत म्हणजे खालच्या मजल्यावर त्याच खोक्यातले बल्ब मजेत चाललेत. खालचा फक्त पोर्चमधला जातो, तो गोल काचेच्या डोममध्ये आहे.

वायरमनला बोलावलं, त्याने टेस्टर लावला, पेटला, म्हणाला लाइन ओके आहे, हल्ली बल्बच असले येतात, आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. नवरा म्हणतो अख्ख्या घराला स्टॅबिलायझर बसवू. सासूबाईंचं म्हणणं, जिना त्या दिशेला काढू नका असं मी तेव्हाच सांगत होते.

वरच्या मुलांच्या खोलीतला मोबाइल चार्जर पण मधे गेला, त्याचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. मीटर थ्री फेज आहे. खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर, तिसऱ्यावर फक्त बोअरची मोटार. खालचा गिझर पण हल्ली नीट तापत नाही, आमच्याकडे पाणी जड आहे त्यामुळे कॉइलला क्षार धरला असणार, पण तो वेगळा विषय.

वायरिंग नवीन करायचं तर भिंती फोडाव्या लागतील असं एकाने घाबरवलंय. काय करावं?

घाटावरचा बेडूक
चायना माल, दुसरं काय. आमच्या आजोबांच्या घरात माजघरात साठचा पिवळा बल्ब होता, माझ्या मुंजीत होता आणि माझ्या लग्नात पण तोच होता. आता काहीच टिकत नाही राव.

जुना वायरमन
बेडूकराव, तो बल्ब टिकला कारण आजोबांच्या घरात पुरेसं व्होल्टेजच येत नसणार. तारेच्या बल्बचं असं असतं की पाच टक्के व्होल्टेज जास्त दिलं की आयुष्य जवळपास निम्मं, आणि दहा टक्के कमी दिलं की साधारण चौपट. डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की १९०-२०० व्होल्ट, बल्ब लालसर. त्या उजेडात दहावीचा अभ्यास केलेला माणूस आहे मी. बल्ब टिकायचा, डोळे जायचे. असो.

ओसरीताई, बल्ब डुप्लिकेट असते तर खालचे पण उडाले असते, तेव्हा तो विषय बंद. एकच मजला, चार्जर पण त्याच मजल्यावरचा, थ्री फेज कनेक्शन, आणि तुम्ही वेगळा विषय म्हणून सोडून दिलेला तो गिझर. मला तो वेगळा वाटत नाही. तीन गोष्टी बघून सांगा.

गिझर चालू केला की वरचे दिवे जास्त उजळतात का? त्याच वेळी खालचे मंद होतात का? आणि गिझर चालू असताना बाथरूमच्या नळाला हात लावला तर झिणझिण्या येतात का? हे तिसरं मुद्दाम करून बघू नका हां, आधी कुणी तक्रार केली असेल तर तेवढं सांगा.

आणि टेस्टरचं म्हणाल तर टेस्टर १०० व्होल्टला पण पेटतो आणि ३०० ला पण पेटतो. त्याने फेज आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. ज्या वायरमनच्या पिशवीत मीटर नाही त्याला चहा पाजून परत पाठवायचं. तीन-चारशे रुपयात साधा मल्टीमीटर मिळतो. मिस्टरांना सांगा, मीटरचं गोल बटन एसी ७५० वर ठेवायचं, वायर आणि पिना कुठे तुटलेल्या नाहीत बघायचं आणि प्लगच्या खालच्या दोन भोकांत मोजायचं. एकदा गिझर बंद असताना, एकदा चालू असताना, वर आणि खाली दोन्हीकडे. हाताला जमत नसेल तर मीटर असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

सर्किटवेडा
काका बरोबर लाइनवर आहेत. मी एक जोडतो. उडालेले बल्ब फेकले नसतील तर वरचा एक आणि पोर्चचा एक उघडून बघा. होल्डरमधून काढून थोडा वेळ तसाच ठेवा, मग पांढरा प्लास्टिकचा गोळा कडेने दाबत फिरवला की टक्कन निघतो. आत अॅल्युमिनियमची चकती असते, तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके, ते एलईडी. एखाद्या ठिपक्याच्या मधोमध सुईने डाग दिल्यासारखा काळा टिपका दिसला तर तो एलईडी मेला, आणि सगळे सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) असतात म्हणून एक गेला की अख्खा बल्ब बंद. हे बहुतेक वेळा उष्णतेने होतं. पण ठिपके सगळे स्वच्छ आहेत आणि मागच्या छोट्या सर्किटवरचा उभा कपॅसिटर (वीज साठवणारी बारकी डबी) डोक्यावर फुगलाय, किंवा लाइन येते तिथला बारका रेझिस्टर फुटून काळा झालाय, तर मग जास्त व्होल्टेजचा संशय घ्यायचा.

हिशोब सोपा आहे. २३० व्होल्ट म्हणतो ती एक प्रकारची सरासरी असते, लाटेचं टोक त्याच्या १.४१ पट म्हणजे ३२५ पर्यंत जातं. तो कपॅसिटर भरतो या टोकापर्यंत. त्याच्यावर बहुतेक करून ४०० व्होल्ट छापलेलं असतं. तुमच्याकडे २७५ येत असतील तर टोक ३८९, म्हणजे कपॅसिटर रोज काठावर उभा, त्यात शेजारच्या मोटारीचा एखादा झटका आला की संपला.

यूट्यूबवर तो काळा ठिपका सोल्डरने शॉर्ट करून बल्ब चालू करतात ते करू नका प्लीज. उरलेल्या एलईडींवर ताण वाढतो आणि तो बल्ब परत थोड्याच दिवसांत जातो. शिवाय गोळा काढलेल्या चकतीवर थेट मेनचा करंट असतो.

मोहोर
पोर्चच्या बल्बचं मी सांगते, आमच्या चिपळूणच्या घरी हेच झालं होतं. बंद काचेचा डोम. एलईडी गरम होत नाही असं लोक समजतात पण त्याची उष्णता पुढे उजेडाबरोबर न येता मागे बुडाकडे जाते आणि डोममध्ये हवा खेळतच नाही. कपॅसिटरचं तर ढोबळ गणितच आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. त्यात पोर्चचा दिवा संध्याकाळी लागतो तो सकाळी दूधवाला आल्यावर बंद होतो. आम्ही डोमच काढून टाकला. दिसायला बोडकं दिसतं पण पाल आणि किडे मरून आत साठायचे तेही थांबलं.

तिन्हीसांजा
धागा हायजॅक करतेय सॉरी, पण आमच्याकडे उलटं आहे, बेडरूमचा बल्ब बटन बंद केलं तरी रात्रभर मिणमिणतो. भूत आहे का?

सर्किटवेडा
बटनावर लाल इंडिकेटर आहे का? त्या बारक्या दिव्यातून जाणारा करंट पण एलईडीला मिणमिणायला पुरतो. इंडिकेटर नसेल तर बहुतेक बटन फेजऐवजी न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) घातलंय. तसं असेल तर ते मात्र बदलून घ्या, कारण बटन बंद करून तुम्ही बल्ब बदलायला हात घालता तेव्हा होल्डरमध्ये फेज जिवंत असतो.

ओसरी
बापरे. काका, तुम्ही घरात येऊन बघून गेलात का?

नवऱ्याने मीटर आणला, रविवारी मोजलं. गिझर बंद असताना खाली २२६, वर २३६. गिझर चालू केल्यावर खाली १५८ आणि वर २७५. आम्ही दोघं वरखाली करत परत परत मोजत होतो, मीटर बिघडलाय वाटलं. आता मुद्दाम लक्ष देऊन बघितलं तर हो, गिझर लागला की वरचा जिन्यातला दिवा भक्कन पांढरा होतो. सकाळी सगळ्यांची घाई असते त्यामुळे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. नळाच्या झिणझिण्यांची तक्रार सासूबाईंची होतीच, गिझरवाल्याला विचारलं तर म्हणाला गिझर जुना झालाय नवा घ्या.

बल्ब पण उघडले. वरच्या दोन्ही बल्बचे ठिपके स्वच्छ, कपॅसिटर टम्म फुगलेला, एकाचा तर फुटून तपकिरी रस बाहेर आलाय. पोर्चच्या बल्बला काळा टिपका.

घाटावरचा बेडूक
म्हणजे सासूबाई आंघोळीला गेल्या की सुनेचे बल्ब उडतात. कुणीतरी सिरीयल काढा यावर.

जुना वायरमन
बेडूकराव थांबा जरा, हे हसण्यावारी न्यायचं नाहीये.

ताई, आधी काय करायचं ते वाचा, कारण नंतर. गिझर आत्तापासून बंद. सासूबाईंना गॅसवर पाणी तापवून द्या. बोअरची मोटार पण लावू नका. वरचा टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर प्लगमधून काढून ठेवा. वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा, १९१२ वर होते, आणि तक्रारीत "व्होल्टेज कमी-जास्त होतंय" असं गुळमुळीत नको, "न्यूट्रल तुटलाय, नळाला शॉक लागतोय" असं स्पष्ट सांगा, म्हणजे लाइनमन लवकर येईल.

आता कारण. थ्री फेजमध्ये न्यूट्रल म्हणजे तिघांनी तीन बाजूंनी ओढलेल्या दोरांची मधली गाठ. गाठ खुंटीला पक्की बांधलेली असली की कुणी कितीही ओढो, तिघांचं अंतर सारखं, २३०. खुंटी उपटली की जो जास्त ओढेल त्याच्याकडे गाठ सरकते. तुमचा गिझर खालच्या फेजवर, तो ओढतो, गाठ त्याच्याकडे गेली, खालचं व्होल्टेज १५८ झालं आणि बाकीच्या दोघांचं वाढून २७५. गिझर तापत नाही तो क्षारामुळे नाही. १५८ व्होल्टला दोन हजार वॅटचा गिझर हजार वॅटसुद्धा पुरते देत नाही, पाणी तापायला दुप्पट वेळ लागणारच. खालचे बल्ब मजेत का, तर गिझर लागला की त्यांना जास्त नाही, उलट कमीच व्होल्टेज मिळतं.

पण न्यूट्रल पूर्ण तुटलेला असता तर याहून वाईट झालं असतं. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, त्यातले साडेतीनशेच्या पुढे वरच्या मजल्याच्या वाट्याला आले असते आणि एका सकाळीच पंखे, टीव्ही सगळ्याचा धूर झाला असता. तसं झालं नाही आणि नळाला झिणझिण्या येतात, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की माझा अंदाज असा की बोर्डात कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून ठेवलंय. तुमचा करंट खांबावर परत न जाता अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जातोय. मातीचा विरोध मधे आला की अर्थिंगच्या तारेवर ७०-७५ व्होल्ट चढतात, आणि अर्थिंग म्हणजे गिझरची बॉडी, फ्रीजची बॉडी, नळ.

आणि दिवाळीपासूनच का सुरू झालं ते पण लक्षात घ्या. पावसाळ्यात खड्डा ओला, त्याने न्यूट्रलचं काम निभावून नेलं. तुमच्या भागात दिवाळीनंतर जमीन वाळत जाते, खड्डा सुकला, विरोध वाढला, बल्ब उडायला लागले. न्यूट्रल कदाचित जूनच्या वाऱ्यातच तुटला असेल. एप्रिल-मे पर्यंत असंच राहिलं असतं तर आकडे अजून चढले असते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बोर्डातला तो न्यूट्रल-अर्थिंगचा जोड कुणी उत्साहाने लगेच काढायला गेला तर त्याला अडवा. सध्या तोच तुमचा न्यूट्रल आहे. आधी खरा न्यूट्रल जोडायचा, मोजायचं, मग मेन बंद करून तो जोड काढायचा. उलट केलं तर वरचा मजला गेलाच समजा.

मोहोर
काका, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी घालायला सांगतात ना? तेवढ्याने नाही का होणार?

जुना वायरमन
खड्डा ओला ठेवावाच, पण तो शॉकपासून वाचवायला असतो, रोजचा लोड वाहायला नाही. पाणी घालून व्होल्टेज सुधारेल आणि मग सगळे निवांत बसतील, हाच त्यातला धोका.

सर्किटवेडा
ओसरी, स्टॅबिलायझरचा विचार तूर्त सोडा. सगळ्या घराला थ्री फेज स्टॅबिलायझर म्हणजे मोठा खर्च आणि नळाचा शॉक तसाच राहणार. त्यापेक्षा दुरुस्ती झाल्यावर मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेजवाला प्रोटेक्टर बसवा, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तोडतो आणि नीट झालं की थोड्या वेळाने आपोआप जोडतो. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. तुमच्याकडे तो नसणारच, असता तर एव्हाना काहीतरी बोलला असता.

बल्ब घेताना खोक्यावर बीआयएसचा आयएस १६१०२ आणि आर ने सुरू होणारा नंबर बघा, सर्ज म्हणजे व्होल्टेजचा झटका किती केव्हीचा (हजार व्होल्टचा) सोसतो ते लिहिलेलं बघा, अडीच किंवा चार असतं. नुसतं "हाय व्होल्टेज" असं ठळक लिहिलेल्यावर जाऊ नका.

ओसरी
अपडेट देतेय. लाइनमन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आधी म्हणाला खांबावर सगळं ठीक दिसतंय. खालून दिसायला ठीकच होतं, न्यूट्रलच्या वायरचं काळं प्लास्टिक अखंड. वर चढून हाताने ओढलं तर जोडापासून निघून हातात आली. आत अॅल्युमिनियमच्या तारांचा पांढरा भुगा झालेला, दोन-तीन काड्या तेवढ्या लटकत होत्या आणि त्याही काळ्या पडलेल्या. त्याने पुढची चांगली वायर सोलून नवीन क्लॅम्प मारला.

घरातल्या बोर्डाचं काम नवीन वायरमनकडून केलं, मीटरवाला शोधला काका. न्यूट्रलच्या पट्टीवरून अर्थिंगच्या बोल्टला एक हिरवी वायर टाकलेली सापडली. घर बांधताना ज्याने काम केलं त्याने म्हणे "अर्थिंग स्ट्राँग होतं" म्हणून टाकली होती. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच सगळं केलं. आता गिझर चालू असताना खाली २२७, वर २३१. गिझर पूर्वीसारखा तापतोय, नवा गिझर घ्यायचे पैसे वाचले त्यातून आरसीसीबी येईल. भिंत एकही फोडावी लागली नाही. सासूबाई म्हणतात नळाचं मी सांगत होते ते कुणी ऐकलं नाही, आणि यावर घरात कुणाकडे उत्तर नाही.

एकच विचारायचंय, वरची बाकीची उपकरणं इतके महिने २७५ वर चालली, ती पुढे जातील का? आणि पोर्चचा डोम नवऱ्याला काढायचा नाहीये, त्याला तो आवडतो.

सर्किटवेडा
फुगलेल्या कपॅसिटरचे बल्ब अजून लावलेले असतील तर ते जाणारच, त्याचं दुःख करू नका. मोबाइलचे चांगले चार्जर, लॅपटॉप अॅडॉप्टर मोठ्या रेंजचे असतात, ते बहुतेक सुखरूप असतील. पंखा घरघरत असेल किंवा जास्त तापत असेल तर त्याचा कपॅसिटर बघून घ्या, पन्नास-शंभरचं काम आहे.

डोम ठेवायचाच असेल तर आत नऊऐवजी पाच वॅटचा लावा आणि डोमच्या वरच्या कडेला फिटिंगमध्ये हवा जायला जागा आहे का बघा. नाहीतर डोमसकट एलईडीचं सर्फेस फिटिंग मिळतं, त्यात ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) वेगळा असतो. आणि उजाडलं की दिवा बंद करणारा सेन्सर लावा म्हणजे दूधवाल्याची वाट बघायला नको.

जुना वायरमन
खांबावरचा नवा क्लॅम्प अॅल्युमिनियमवर आहे ना? महिन्याभराने गिझर लावून एकदा वरखाली मोजा. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू दबतं आणि क्लॅम्प सैल होतो. दोन्ही मजल्यांत पाच-सात व्होल्टचा फरक ठीक, पंधरा-वीस दिसला तर लगेच लाइनमनला बोलवा. आणि पहिल्या पावसाच्या वादळानंतर परत एकदा.

तिन्हीसांजा
आमचं बटन न्यूट्रलवरच निघालं. अख्ख्या फ्लॅटचं. बिल्डरचा फोन लागत नाहीये.